कौल देणारा मोबाइल

मी संशयी आहे, आणि हे मी लाजत सांगत नाही. जामच्या चौफुलीवर चहा-नाश्त्याचं हॉटेल चालवणाऱ्या बाईनं भोळं राहून कसं भागेल? नागपूर, चंद्रपूर, हैदराबाद, सगळीकडच्या गाड्या आमच्या दारावरून जातात. गिरडच्या टेकडीवर नवस फेडायला निघालेली मंडळी थांबतात, ट्रकवाले थांबतात, वऱ्हाडं थांबतात. थांबलेला प्रत्येक माणूस घाईत असतो, आणि घाईतला माणूस एकतर फसवतो नाहीतर फसतो. दूधवाल्याच्या कॅनमध्ये मी आधी बोट घालते, मग त्याला रामराम करते. नवरा म्हणतो, "देवानं सर्वायच्या डोक्यात मेंदू देल्ला, तुह्या डोक्यात ठानेदार बसवला." म्हणू दे. त्या ठाणेदारामुळंच हॉटेल चाललंय.

आमच्या धंद्यात डोळ्यांवर कोणी विसंबत नाही. बेसन दिसायला पिवळंच दिसतं. त्यात वाटाण्याचं पीठ मिसळलंय की नाही, ते चिमटीत घासल्यावर कळतं. तर्री-पोह्याचे पोहे नीट भिजले की नाही, ते मुठीत दाबून पाहायचं. तेल तापलं की नाही, ते कढईवर तळहात धरून. माणूस तोंडानं खोटं बोलतो, माल रंगानं खोटं बोलतो, पण हाताला लागलं ते खरं. हे मला शिकवलं माझ्या सासूनं. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात. त्या आत्याबाई आणि त्यांचा मोबाइल, यांचीच ही गोष्ट आहे.

मोबाइल आणून दिला माझ्या धाकट्या दिरानं. तो नागपूरला नोकरी करतो. कारण काय, तर म्हणे, "माय मांगच्या खोलीत दिवसभर एकटी बसून राह्यते." इतक्या वर्षांत कधी त्याला आईच्या एकटेपणाचा उमाळा आला नव्हता. मला तेव्हाच वाटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. पण घरात आलेल्या वस्तूला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही, म्हणून ठेवून घेतला.

आत्याबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून वडनेरची माता माय त्यांना अंतरली होती. वडनेर आमचं मूळ गाव. तिथं शिवेवर टिनाच्या छपराखाली शेंदूर फासलेला दगड आहे, तीच माता माय. तिथं कौल लावायचा. दगडाच्या डावी-उजवीकडं एकेक ओलं फूल चिकटवायचं, हात जोडून एकच प्रश्न विचारायचा, उजवीकडचं फूल पडलं की हो. गाव सोडून जामला हॉटेल टाकावं की टाकू नये, हे त्या फुलानंच ठरवलं होतं. हॉटेल चाललं. त्या दिवसापासून माझा नवरा आईच्या कौलापुढं ब्र काढत नाही. माझ्यापुढं मात्र त्याची जीभ कात्रीसारखी चालते.

तर दिरानं मोबाइलवर कुठल्याशा देवीच्या आरतीचा व्हिडिओ लावून दिला. आत्याबाईंनी तो प्रसाद घ्यावा तसा उजव्या तळहातावर घेतला. पुजाऱ्यानं घंटा वाजवली आणि त्या ओरडल्या, "अव माय वो! हालला!"

खरंच थरथरला होता. घंटेचा ठोका पडला की मोबाइलही हातात थरथरायचा, ढोल वाजला की धडधडायचा. माझी मुलगी, बारावी झालेली, आमची एकुलती एक, आजीला समजावायला बसली.

"आजी, नव्या मोबाइलमधे तसं येते. व्हिडिओत जोरात आवाज झाला का मोबाइल हातात थरथरते. सेटिंग असते त्याची."

"तुले काय माहीत?" आत्याबाई म्हणाल्या. "दगडावरचं फूल काऊन पडते, ते माहीत हाय काय तुले? माता माय दगडात येते, तं मोबाइलात काऊन नाई येनार?"

पोरीनं आजीपुढं हात जोडले.

मग फुलाची गरजच उरली नाही. आरती चालू असताना मध्येच आत्याबाई डोळे मिटून प्रश्न विचारायच्या. लगेच मोबाइल थरथरला तर देवीनं हुंकार दिला, नाही तर नाही. लोणच्याचे आंबे आज आणावे काय? हुंकार. शेजारच्या पंक्चरवाल्याच्या मायला बरं वाटेल काय? हुंकार. ती बाई बरी झाली, आणि मग काय विचारता! आजूबाजूच्या दोन-चार बाया दुपारच्या आत्याबाईंच्या खाटेभोवती जमू लागल्या. मी भजी तळता तळता मागच्या खोलीकडं कान लावून असायचे. मोबाइलचा पाहुणचार चालला होता आणि चहा माझा जात होता.

एका दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला तेव्हा मी तो मोबाइल उचलून बाहेर गल्ल्याशी आणला. म्हटलं, बघू तरी काय भानगड आहे. आरती नको म्हणून दुसरं काही लावलं, तर एका मुलीच्या बिदाईचा व्हिडिओ आला. कुठली कोण, हिंदी मुलखातली. ढोलकी वाजत होती, आणि एकेक थाप माझ्या तळहातात अशी उमटत होती, जणू त्या पोरीची छाती माझ्या हातात धडधडतेय. ती बापाच्या गळ्यात पडली. आणि मी, कधी कुणाच्या लग्नात टिपूस न काढणारी बाई, गल्ल्याशी उभी राहून रडायला लागले. पदर भिजला.

मग मला माझ्याच रडण्याचा संशय आला. मोबाइल फडक्यावर ठेवला, हात मागं घेतले आणि तोच व्हिडिओ पुन्हा पाहिला. डोळे कोरडे ठणठणीत. उलट या खेपेस दिसलं की नवरीचं काजळ इतकं रडून जरासुद्धा फिसकटलं नव्हतं आणि बाप रडता रडता कॅमेऱ्याकडं चोरून बघत होता. पुन्हा हातात घेतला, पुन्हा डोळ्यांत पाणी! आता मात्र मी चिडले. डोळ्यांनी चोरी पकडली होती, तरी हात ऐकायला तयार नव्हता. जन्मभर ज्या हातावर भरवसा ठेवला त्यालाच हे यंत्र फितवत होतं. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्याला बरोबर ठाऊक असणार, की तळहातासारखं भोळं काही नाही. मी मोबाइल परत नेऊन खाटेवर जवळजवळ फेकलाच.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण पोरीचा वकिलीच्या कॉलेजला नंबर लागला, नागपूरला. तशी ती घरात पाळण्यात असल्यापासून वकीलच होती, आता कागद मिळाला असता. जागा पक्की करायला थोडेच दिवस होते. आणि नेमका त्याच आठवड्यात दिराचा फोन आला की पोरीसाठी स्थळ आहे, घराणं चांगलं, व्यापारी, मुलगा एकुलता एक, पुन्हा असं मिळायचं नाही.

नवरा दोन्हीकडं मान डोलवत बसला. शेवटी म्हणाला, "मायले विचारू."

आत्याबाईंनी आरती लावली, मोबाइल हातावर घेतला. "माय, पोरीले घरीच ठेवू काय?" घंटा वाजली. त्यांनी डोळे उघडले. "हुंकार देल्ला. घरीच राहू द्या म्हनते."

पोरगी उठून बाहेर गेली. पाण्याच्या टाकीमागं उभी राहून रडली, मला दिसू नये म्हणून तोंडावर पाणी मारून आली. मला दिसलंच.

"आत्याबाई, उलटं विचारून पाहा ना," मी म्हटलं. "नागपूरले पाठवू काय, असं विचारा."

"मायले उलटंसुलटं विचारत नाई."

"काऊन नाई? देवीले राग येते?"

"तू चूप राह्य," नवरा म्हणाला.

डोक्यातला ठाणेदार मात्र जागा झाला. मोबाइल कुणी दिला? दिरानं. स्थळ कुणी आणलं? दिरानं. मोबाइलनं काय सांगितलं? दिराला हवं तेच. याहून सरळ गुन्हा कुठला? यानं नागपूरला बसून मोबाइलमध्ये काहीतरी घालून ठेवलं असेल, तिकडून बटण दाबत असेल. मी पोरीला सांगितलं तर ती रडता रडता हसली.

"आई, तसं काई नसते. घंटीच्या आवाजावरच थरथरते तो. काकाले एवढं येत असतं तं काका ऑफिसात बसला असता काय?"

"मंग तो आवाज बंद न करता नुसतं थरथरनं बंद करता येते काय?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. "येते. पन आई, ह्याले कोर्टात पुराव्याची छेडछाड म्हनतात."

"तुले कोर्टात जायाचं हाय ना? मंग दाखव."

तिनं दाखवलं. मन लागत नव्हतं तिचं, पण दाखवलं. मग मी नवऱ्याला गाठलं. आमच्यात जमिनीचा आणि लग्नाचा कौल दोनदा लावतात. एका फुलावर पोरीचं नशीब कोणी ठरवत नाही. ही रीत त्याला मान्य करावीच लागली. येत्या शुक्रवारी, देवीच्या वारी, दुसरा कौल लावायचं ठरलं. दिरालाही बोलावून घेतलं, म्हटलं सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या. माझं गणित पक्कं होतं. मोबाइल गप्प राहील, आत्याबाई म्हणतील हुंकार नाही आला, नवऱ्याचं तोंड बंद होईल आणि पोरगी नागपूरला जाईल.

गुरुवारी आत्याबाई आंघोळीला गेल्या तेव्हा मी सेटिंग बंद केलं. आरती लावून, हातात धरून खात्री करून घेतली. घंटा ठणाणा वाजत होती आणि मोबाइल पाट्यासारखा गप्प होता.

शुक्रवारी दुपारची गर्दी ओसरल्यावर शटर अर्धं ओढलं. मागच्या खोलीत आत्याबाई खाटेवर, कपाळभर कुंकू लावलेलं, पदर दोन्ही खांद्यांवरून. समोर नवरा आणि दीर. पोरगी दाराशी उभी. मी पोरीच्या शेजारी, ओठ दाबून. खरं सांगते, मला आतून हसू येत होतं.

आरती सुरू झाली. आत्याबाईंनी डोळे मिटले. "माय, पोरीले घरीच ठेवू काय?"

घंटा वाजली.

आत्याबाईंचा चेहरा उजळला. "देल्ला. हुंकार देल्ला मायनं."

नवऱ्यानं हात जोडले. दीर म्हणाला, "चला, झालं." आणि माझा तोल गेला.

"खोटं!" मी ओरडले. "त्याचं थरथरनं मी बंद करून ठेवलं हाय! तो हालूच शकत नाई! आत्याबाई, देवीच्या नावानं खोटं बोलून राह्यल्या तुमी!"

"जबान सांभाळ," नवरा उठून उभा राहिला.

"आई, नको ना," पोरगी म्हणाली.

पण आत्याबाई चिडल्या नाहीत. त्या घाबरल्या. माझ्याकडं बघून काकुळतीनं म्हणाल्या, "हालला वो. माता मायची आन. आत्ता बी हालून राह्यला ना."

मी पुढं झाले आणि मोबाइल त्यांच्या हातातून ओढून घेतला. आरती चालूच होती, ढोल, घंटा, सगळं. माझ्या हातात मोबाइल निपचित. मी तो सगळ्यांसमोर धरला. "पाहा! लावा हात!"

मोबाइलकडं कोणी पाहतच नव्हतं. पोरगी आजीच्या हाताकडं पाहत होती. तो तळहात तसाच पुढं पसरलेला होता, रिकामा. अंगठा बोटांवर घासत होता, वाती वळत असल्यासारखा, आणि मनगटापासून सगळा हात हलत होता. आत्याबाईंनीही तिकडं पाहिलं. मग दुसऱ्या हातानं तो धरला आणि पदराखाली घेतला. पदर हलत राहिला.

आरती बंद करायचंही कुणाला सुचेना. शेवटी पोरीनंच माझ्या हातातून मोबाइल घेऊन बंद केला.

"माय, हे कवापासून?" दिरानं विचारलं. त्याचा आवाज फुटला होता. मी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. आईच्या एकटेपणाखातरच त्यानं मोबाइल आणला होता.

आत्याबाई कुणाकडं न पाहता बोलल्या. "होतं थोडंथोडं. मंग हा मोबाइल आला. तो हालून राह्यला का माहा हात, मलेच समजे नाई. मले वाटलं, माय माह्या हातात येऊन राह्यली. देवी असन तं मंग आजार नाई ना. आन मोबाइल हातात असला का कोनी विचारत नाई, हात काऊन हालते म्हून."

मी खाली बसले, तिथंच, जमिनीवर. मला एकेक आठवायला लागलं. आत्याबाई हल्ली चहा अर्धाच कप मागायच्या. मला संशय, की माझा चहा यांना आवडत नाही, शेजारणींसमोर मुद्दाम करतात. वाती वळणं त्यांनी सोडलं होतं. मला वाटलं, मोबाइलपुढं आता देव्हारा कशाला. सकाळी सकाळी नात त्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मी म्हणायचे, लाड चाललेत म्हातारीचे. पावशेर दुधातलं पाणी मला दिसतं, आणि एका घरात राहून हे दिसलं नव्हतं. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नाही.

"म्हून पोरीले घरी ठेवाचं होतं काय?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"आता देवीचं नाव काहाले घेऊ," आत्याबाई म्हणाल्या. "मलेच नाई पाह्यजे तिनं जायाले. सकाळी पोलक्याचे हूक ती लावून देते. ती गेली तं कोन लावन?"

"कोन म्हंजे?" नवरा म्हणाला. "ही हाय ना घरात."

आत्याबाईंनी मान हलवली. "तिले सांगाचं भेव वाटते मले. ती सर्व तपासून पाहते."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. गाडी उशिरा येते, पाणी खारट आहे, तसं म्हटलं. मला वाटलं, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोरगी खाटेवर बसली. पदराखालचा तो हात तिनं बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला. तरी तो थांबला नाही. "आजी, मी नाई जात," ती म्हणाली. वकील पोरगी माझी, एक मुद्दा मांडला नाही तिनं.

"काऊन नाई जात?" आत्याबाई एकदम खेकसल्या. "जायाचंच हाय तुले. हे माहं बोलनं हाय, देवीचं नाई. लिहून घे पाह्यजे तं."

त्यानंतर कौल लागला नाही. दिरानं स्थळाकडं स्वतःच नाही कळवून टाकलं. आत्याबाईंना दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, थांबणार नाही, हळू करू. दवाखान्यातून परतताना गाडीत आत्याबाईंनी मोबाइल माझ्या पुढं केला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ते थरथरनं परत चालू करून दे. हॉटेलात बसलं का गिऱ्हाईक पाहतात." मी काही न विचारता चालू करून दिलं.

पोरगी नागपूरला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांना फोडणी घालायची सोडून आत्याबाईंच्या दाराबाहेर उभी राहिले. आत त्या एकट्या झटत होत्या. हूक लागतोय, निसटतोय, श्वास फुलतोय, सगळं ऐकू येत होतं. हाक येईना. मला आत जाता येईना. कितीतरी वेळ अशा आम्ही दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या होतो.

मग आतून आवाज आला, "सूनबाई, येजो वो जरा."

मी गेले. पोलक्याचे हूक पुढून असतात, त्यामुळं समोरासमोर उभं राहावं लागतं. आत्याबाईंनी हात बाजूला केले आणि डोळे गच्च मिटून घेतले. मग मीही माझे मिटले, आणि चाचपून चाचपून एकेक हूक लावला.